खिडकीजवळची जागा

सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून एक अरुंद खोली आहे. दारावर 'समाजसेवा विभाग' अशी पाटी आहे. विभाग म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, एक फोन आणि एक बाई. त्या बाईंना सगळं इस्पितळ सोयताई म्हणतं. पेशंट बरा झाला पण न्यायला कोणी फिरकलं नाही, म्हातारीच्या मुलाने दिलेला पत्ता खोटा निघाला, मार खाऊन आलेल्या बाईला परत त्याच घरी जायचं नाही, असं काही झालं की डॉक्टर कागदावर सही ठोकतात आणि म्हणतात, "ताईंना सांगा, त्या सोय लावतील." जणू ताईंच्या ड्रॉवरमध्ये घरं घडी घालून ठेवलेली आहेत.

सोय लावायची म्हणजे फोन करायचे. ताईंचं निम्मं आयुष्य फोनला कान लावून गेलं आणि उरलेलं निम्मं समोरच्याने फोन ठेवल्यावर त्याला मनातल्या मनात शिव्या घालण्यात. समाजसेविका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हार आणि भाषणं येतात. ताईंना आजवर एकदाच हार मिळाला होता, तोही चुकून. शेजारच्या खोलीतले एक्स-रेवाले निवृत्त होत होते.

पण या बाईंनी एक काम मात्र असं केलं की जे दुसऱ्या कोणाला सुचलं नव्हतं. दर दुसऱ्या शुक्रवारी त्या एक पत्रक काढत. गावातल्या आणि आसपासच्या सगळ्या समाजसेवकांसाठी. पत्रकाचे तीन भाग. पहिल्या भागात बातम्या: कुठली योजना सुरू झाली, कुठली गुपचूप बंद पडली. दुसऱ्यात सोयी: कुठल्या आश्रमात जागा रिकामी आहे, चाकाची खुर्ची फुकट कोण देतं, कुठला वकील गरिबाचं ऐकून घेतो. तिसऱ्यात नोकऱ्या. वर्षं गेली तसा तिसरा भाग लांबत गेला आणि दुसरा आखडत गेला. या धंद्याची सगळी कुंडली त्यातच आली. नोकऱ्या पुष्कळ, कारण कोणी टिकत नव्हतं. तीच संस्था, तेच पद, तोच बेताचा पगार, पुन्हा पुन्हा तीच जाहिरात. तरुण मंडळी पत्रक हातात आलं की थेट तिसऱ्या भागावर उडी मारतात, हे ताईंना ठाऊक होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. पोट कोणाला चुकलंय?

हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलामुलींना त्या एवढंच सांगत, "दुसरा भाग आधी वाचायचा. आपली नोकरी पळून जात नाही, पण जागा पळून जाते."

आणि पत्रकाचा एक नियम होता. सगळे त्याला ताईंचा नियम म्हणत. जागा रिकामी झाल्याची खबर ज्याला आधी लागते, त्याने आधी ती सगळ्यांना सांगायची. पत्रक बाहेर पडल्यावर त्याने स्वतः दोन दिवस थांबायचं, आणि मगच आपल्या माणसासाठी विचारायचं. ओळखीपाळखीत जागा कशा गडप होतात, हे ताईंनी उभ्या आयुष्यात पाहिलं होतं. साहेबांच्या ड्रायव्हरचा काका आत जायचा आणि ज्याला कोणीच नाही तो बाकावर बसून राहायचा. पूर्वी त्यांच्यासोबत पत्रकाचं काम करणाऱ्या एका गृहस्थाने नियम मोडून स्वतःच्या आईला जागा मिळवली, तेव्हा ताईंनी त्याला भर बैठकीत सुनावलं होतं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. पुन्हा तो पत्रकाच्या कामाला आला नाही आणि ताईंनी त्याला बोलावलंही नाही.

अशा या ताईंच्या घरात काय आहे, ते मात्र इस्पितळात कोणाला माहीत नव्हतं. घरचं रडगाणं कामावर आणायचं नाही, हाही त्यांचाच एक नियम.

घरात दादा होता. ताईंचा सख्खा मोठा भाऊ. केस पांढरे, अंगाने दणकट, आणि समज पाच-सहा वर्षांच्या मुलाइतकी. जन्मतःच तसा. आई गेली तेव्हा तिने इस्टेट म्हणून मागे ठेवला तो हाच. ताईंचं लग्न एकदा ठरत आलं होतं. माणूस भला होता. त्याने फक्त विचारलं, "दादा कुठे राहणार?" ताई म्हणाल्या, "माझ्याजवळ." तो भलेपणानेच उठून गेला.

दादाला वाचता येत नसे, पण पत्रकाच्या घड्या तो घालायचा. फोनवर पत्रक न वाचणारी काही जुनी माणसं होती, त्यांच्यासाठी ताई थोडे कागद छापून घरी आणत. दादा हात धुऊन, शर्टाची वरची गुंडी लावून टेबलाशी बसायचा. कागदाच्या तीन समान घड्या घालायच्या, नखाने दाबायच्या, मग पुढचा कागद. "ऑफिसचं काम आहे, छोटे. मध्ये बोलू नकोस," असा ताईंनाच दम द्यायचा. घड्या घालून झाल्या की ताईंनी पत्रक मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण बातम्या ऐकताना तो मान डोलवायचा, आणि नोकऱ्यांचा भाग आला की दरवेळी म्हणायचा, "ही मी करीन."

मग ताईंचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. मग सही बिघडली. इस्पितळातल्याच डॉक्टरांनी तपासलं. रोजची उठबस असल्याने त्यांना गोड बोलायची गरज वाटली नाही.

"हे वाढत जाणार, ताई. आधी हात, मग चालणं. पुढे तुम्हालाच कोणीतरी लागेल. घरी कोण असतं?"

"दादा असतो," ताई म्हणाल्या.

"मोठा भाऊ? मग काही काळजी नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

काळजी नाही म्हणे! त्याच आठवड्यात दादा न्हाणीघरात घसरला. ताईंनी त्याला उठवायला हात दिला, तर हातात जोरच नाही. दोघं ओल्या फरशीवर बसून राहिली. दादाला वाटलं हा खेळ आहे, तो हसत होता. शेवटी शेजारचा माणूस आला आणि त्याने दादाला उभं केलं. त्याचं अंग पुसता पुसता ताईंच्या मनात आलं. आपण पडलो तर याला उठवायला कोण? एवढा एकच प्रश्न. तो त्यांनी हजार लोकांना विचारला होता, पुढ्यात कागद घेऊन, शांत आवाजात: 'तुमच्यानंतर यांचं कोण?'

त्यांनी फोन फिरवायला सुरुवात केली. सगळे नंबर पाठ होते. जी ठिकाणं बायकांसाठी होती, ती सोडली. जी मुलांसाठी होती, ती सोडली. उरलेल्यांपैकी दोन बंद पडली होती, एकात ताई स्वतः होऊन कुत्रंही पाठवणार नव्हत्या, आणि एकच बरं होतं, गावाबाहेरचं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. तिथे जागा रिकामी व्हायची ती कोणी मेलं तरच.

आणि एका बुधवारी सकाळी मोठ्या बाईंचा फोन आला.

"ताई, एक जागा झाली. तुमच्या दादाला घेऊन या. कोणाला सांगू नका."

ताई म्हणाल्या, "पत्रकात टाकावं लागेल."

"अहो, टाका ना, पण आधी त्याला आणून बसवा! आयुष्यभर लोकांचं केलंत. एकदा स्वतःचं केलंत तर आभाळ कोसळणार आहे का?"

"आज नुसतं दाखवायला आणते," ताई म्हणाल्या.

त्या दुपारी त्यांनी रजा टाकली आणि दादाला घेऊन गेल्या. लांबट खोली, स्वच्छ चादरी, फिनाईलचा वास. रिकामी खाट खिडकीजवळची होती. खिडकीतून समोरच्या आवारात बस धुताना दिसत. एक माणूस नळी धरून बसवर पाणी मारत होता. दादा खिडकीचे गज धरून उभा राहिला तो हलेचना.

"छोटे, बसला आंघोळ घालतायत!"

"तुला इथे राहायला आवडेल?"

"तू?"

"मी येत जाईन. रविवारी."

दादाने विचार केला. मग डोक्यावरची तपकिरी लोकरीची टोपी काढली आणि खाटेशेजारच्या खुंटीला अडकवली. ती टोपी तो झोपेतही काढत नसे. परत निघताना ताईंनी ती घ्यायला हात पुढे केला, तर तो म्हणाला, "असू दे. माझी जागा आहे." मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्या ताईंना हळूच म्हणाल्या, "आता तरी ऐका."

ऐकायला हवं होतं. हे सांगताना माझाही जीव तुटतो. कोणाचं काय बिघडणार होतं? पण ताई म्हणजे ताई. शुक्रवारी त्या पत्रक लिहायला बसल्या आणि दुसऱ्या भागापाशी त्यांचं घोडं अडलं. तो आईवाला गृहस्थ त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्याची खाली घातलेली मान. त्याला ज्या तोंडाने बोलल्या, त्याच तोंडाने आता काय सांगायचं, की माझं वेगळं आहे?

त्यांनी मनाशी हिशेब केला. दुसरा भाग वाचतं कोण? सगळे नोकऱ्यांकडे पळतात. त्यातून शनिवार-रविवार मध्ये. सोमवारी सकाळी आपणच पहिला फोन करू. नियमही राहील, जागाही राहील. थरथरत्या बोटाने एकेक अक्षर दाबत त्यांनी लिहिलं: 'मतिमंद प्रौढ पुरुषांसाठी एक जागा रिकामी. ठिकाण चांगलं आहे.' शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. पण खोटं कसं लिहायचं? ठिकाण चांगलं होतंच.

तिसऱ्या भागात त्या वेळी त्यांचं स्वतःचंच पद होतं. त्या लवकरच निवृत्त होणार होत्या. 'इस्पितळात समाजसेवक हवा. पद कंत्राटी.' तेही त्यांनी टाकलं.

दादाने घड्या घातल्या. ताईंनी वाचून दाखवलं. जागेची ओळ आली तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ही तुझी." दादाने तो कागद पुन्हा उलगडला, नीट पाहिला, आणि सगळ्यात वर ठेवला.

शनिवार-रविवार तयारीत गेले. त्यांनी दादाच्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने खूण केली, म्हणजे धुण्यात बदलायला नको. सुई धरवत नव्हती, टाके वेडेवाकडे पडले. एक निळी बॅग भरली. दादाने जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, "मी चाललो. माझी जागा आहे." शेजारणीने ताईंना विचारलं, "तुम्हाला करमेल का हो?" ताई हसल्या. त्यांना आतून इतकं हलकं वाटत होतं की त्याचीच त्यांना लाज वाटली.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आत त्यांनी फोन लावला.

पलीकडून मोठ्या बाई म्हणाल्या, "ताई, मी तुमच्या फोनची वाट बघत होते हो. शनिवारी सकाळी तुमची ती चष्मेवाली पोरगी आली. विचारायला नाही, माणसाला घेऊनच दारात उभी. त्याच्या पायाला जखमा, अंगावर शर्ट नाही. मी परत कसं पाठवू?"

"नाही, बरोबर केलंत," ताई म्हणाल्या.

"मी तुम्हाला सांगत होते..."

"हो. सांगत होतात."

चष्मेवाली म्हणजे ताईंच्या हाताखाली शिकून गेलेली मुलगी. आता एका संस्थेत होती. हुशार, हट्टी, कामाला वाघ. इतक्या वर्षांत शिकवलेल्यांपैकी ही एकच टिकेल असं ताईंना वाटायचं. दुपारी ती बिस्किटांचा डबा घेऊन हजर झाली, आनंदाने नुसती फुललेली.

"ताई, तुमच्यामुळे! दुसरा भाग आधी वाचायचा, तुम्हीच शिकवलंत ना? शुक्रवारी पत्रक आलं आणि मी उडालेच. तीन आठवडे त्या माणसासाठी दारं ठोठावत होते. भावाच्या बायकोने त्याला बसथांब्यावर बसवलं आणि 'आलेच' म्हणून गेली. तो तिथेच बसून. उठायचाच नाही. म्हणायचा, ती येणार आहे."

"आता कसा आहे?"

"एकदम मजेत. खिडकीजवळची खाट मिळाली. दिवसभर बाहेर बघत बसतो म्हणे. आणि गंमत सांगू? तिथे खुंटीवर कोणाची तरी टोपी होती. ती त्याने डोक्यावर घातली, ती आता काढायलाच तयार नाही. मोठ्या बाई घ्यायला गेल्या तर रडायला लागला."

ताईंनी थरथरणारा हात टेबलाखाली घेतला. त्यांना त्या मुलीचा राग आला. आणि राग यावा असं तिने काहीएक केलेलं नव्हतं, याचा त्याहून जास्त राग आला. एक शब्द बोलल्या असत्या तर पोरगी कोसळली असती. कदाचित धावत जाऊन त्या माणसाला उठवूनही आणलं असतं तिने. उठवून कुठे नेलं असतं? बसथांब्यावर?

"थंडी आहे. असू दे त्याला," त्या म्हणाल्या.

चष्मेवाली मग जरा घुटमळली. डब्याच्या झाकणाशी चाळा करत म्हणाली, "ताई, अजून एक. रागावू नका. मागच्या पत्रकाचा तिसरा भागही वाचला होता मी. तो कारखाना आहे ना, कर्मचारी कल्याणासाठी माणूस हवा होता... मला घेतलं त्यांनी. पगार दुप्पट आहे. माझ्याच्याने आता होत नाही हो. झोप येत नाही मला. म्हटलं, जाता जाता निदान एवढं शेवटचं काम तरी चांगलं झालं."

"माझ्या जागेवर तू येशील असं मला वाटलं होतं," ताई म्हणाल्या.

"कंत्राटी आहे ना ती," मुलगी पुटपुटली. जाहिरात ताईंनीच लिहिली होती.

त्या घरी गेल्या तेव्हा दादा दाराशी निळ्या बॅगेवर बसला होता. बूट घातलेले, वरची गुंडी लावलेली. सकाळपासून तसाच बसला असावा. ताईंनी त्याच्याशेजारी फरशीवर बैठक मारली. हे काम त्यांना येत होतं. नाही कसं सांगायचं, आवाज कसा ठेवायचा, हात कुठे ठेवायचा, हे त्यांनी कित्येकांना शिकवलं होतं. त्यातलं त्यांना काहीच आठवेना.

"दादा, जागा भरली."

"माझी?"

"हो. दुसरा एक माणूस आला. त्याला घर नव्हतं."

दादाने घरभर नजर फिरवली. "आपल्याला आहे."

"हो. आपल्याला आहे."

"टोपी?"

"त्याने घातलीय."

दादा समजूत काढल्यासारखा म्हणाला, "त्याला सांग, मी आलो की द्यायची." ताईंनी मान हलवली, आणि मग त्यांना रडू आवरलं नाही. दादाला रडण्याची भीती वाटायची. तो उठून आत गेला आणि घरातले सगळे दिवे लावून आला.

पुढच्या पत्रकात दुसऱ्या भागात एकच ओळ होती: 'या वेळी कुठेही जागा नाही.' तिसरा भाग दोन्ही बाजू भरून होता. त्यात चष्मेवालीची सुटलेली नोकरीही होती, आणि ताईंचं पद पुन्हा एकदा, कारण अर्ज आला नव्हता. दादाने घड्या घातल्या. ताईंनी वाचून दाखवलं. नोकऱ्या आल्या तेव्हा तो 'ही मी करीन' म्हणाला नाही. संपल्यावर त्याने विचारलं, "आता जायचं?"

"अजून नाही," ताई म्हणाल्या.

निळी बॅग अजून दाराशीच आहे. ती रिकामी करू म्हटलं की दादा ओरडतो, आणि खरं सांगायचं तर ताईंचाही हात धजत नाही. रोज सकाळी त्या बॅगेतून त्याचे कपडे काढतात, आणि धुऊन वाळले की लाल टाके आत वळवून, घडी करून पुन्हा बॅगेतच ठेवतात. बॅगेची चेन त्यांना आता ओढता येत नाही. ती दादा लावतो.